एकच रचना, कोणाची ऐकावी?

हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेला श्रोता पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे वळला, की त्याला एक प्रश्न हटकून पडतो, आणि तो रास्तच आहे. घरात यमनाच्या तीन ध्वनिमुद्रिका असल्या, तर तीन कशाला, असे आपल्याकडे कोणी विचारीत नाही. राग एकच असला तरी बढत निराळी, तानांची धाटणी निराळी, घराणे निराळे. प्रत्येक मैफलीत तो राग नव्याने घडतो, हे आपण धरूनच चालतो. पाश्चात्त्य परंपरेत मात्र रचनाकार स्वर न् स्वर कागदावर लिहून ठेवतो आणि वादक ते लिहिलेलेच वाजवितो. असे असताना एकाच रचनेची इतकी ध्वनिमुद्रणे का व्हावीत? आणि झालीच आहेत, तर त्यांतले आपण कोणते ऐकावे?

एके काळी या प्रश्नाचा निकाल दुकानात आणि खिशात लागत असे. मुंबईच्या काळा घोडा भागात ‘ऱ्हिदम हाऊस’ नावाचे प्रसिद्ध दुकान होते. ध्वनिमुद्रिका आधी तेथेच ऐकून पाहावी आणि मग विकत घ्यावी, अशी सोय तेथे गिऱ्हाइकांना मिळे. दुकानात असेल त्यातून निवडावयाचे आणि परवडेल तेवढे घरी न्यावयाचे, असा तो व्यवहार होता. २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले. आज नागपूर, इंदूर किंवा बेळगाव येथे बसलेल्या वाचकाने भ्रमणध्वनीवर एखाद्या रचनेचे नाव लिहिले, तर क्षणार्धात वादकांची लांबलचक यादी समोर येते. पैशाची अडचण बरीचशी सरली. निवडीची अडचण मात्र कितीतरी पटींनी वाढली. यादीतील पहिले नाव घ्यावे, दोन मिनिटे ऐकावे, मग दुसऱ्याकडे वळावे, आणि अर्ध्या तासाने काहीच न ऐकता उठावे, असे पुष्कळांचे होते. म्हणून या वेळी एकच रचना समोर ठेवून या निवडीचा विचार करू.

योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) या जर्मन रचनाकाराची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना १७४१ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे छापून प्रसिद्ध झाली. झोप न येणाऱ्या एका सरदारासाठी बाखने ती रचली आणि त्या सरदाराच्या पदरी असलेला गोल्डबर्ग नावाचा तरुण वादक ती रात्री वाजवीत असे, अशी कथा बाखचा चरित्रकार फोर्केल याने १८०२ मध्ये सांगितली. रचनेला हे नाव मिळाले ते त्यावरूनच. अभ्यासकांना मात्र ही कथा फारशी विश्वसनीय वाटत नाही. कारण छापील प्रतीवर कोणा सरदाराला केलेले अर्पण नाही, आणि गोल्डबर्गचे वय त्या सुमारास अवघे चौदा वर्षांचे होते.

रचनेची बांधणी समजावयास कठीण नाही. आरंभी ‘आरिया’ नावाची एक शांत धून येते. तिच्या खर्जातील स्वरांची जी चाल आहे, तिच्या आधारावर बाख एकामागून एक तीस निरनिराळी रूपे उभी करतो आणि शेवटी तीच आरिया पुन्हा जशीच्या तशी येते. तबल्याच्या स्वतंत्र वादनात नगमा एकसारखा फिरत असतो आणि त्यावर कायदे, रेले, गती उभ्या राहतात. त्याची येथे आठवण व्हावी. फरक एवढाच की, येथला नगमा खर्जात दडलेला असतो आणि तो ऐकू येण्यास सवय लागते. सत्ताविसाव्या रूपापर्यंत दर तिसऱ्या ठिकाणी एक आवाज जी चाल सुरू करतो, ती दुसरा आवाज थोडा मागे राहून तशीच उचलतो. तिसांपैकी तीन रूपे करुण छटेची आहेत. त्यांतील पंचविसावे सर्वांत संथ आणि सर्वांत गहिरे. ते संपेपर्यंत श्रोत्याला कोठे आलो आहोत याचे भान राहत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बाखने स्वर लिहिले. पण पुष्कळ गोष्टी लिहिल्या नाहीत. लय किती ठेवावी, कोठे जोर द्यावा, कोठे मृदू व्हावे, एका रूपानंतर दुसरे लागलीच सुरू करावे की श्वास घ्यावा, याविषयी छापील प्रत जवळजवळ मुकी आहे. १९७४ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे बाखच्या स्वतःच्या संग्रहातील प्रत उजेडात आली. तिच्यावर त्याने आपल्या हाताने काही दुरुस्त्या व सूचना लिहिल्या होत्या. सातवे रूप ‘जिग’ या चपळ नृत्याच्या लयीत वाजवावे, ही त्यांपैकीच एक. त्यापूर्वीच्या वादकांना या रूपाची लय केवळ अंदाजाने ठरवावी लागली होती. एका शब्दाच्या अभावी केवढा फरक पडू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय. ज्या ठिकाणी रचनाकार मौन पाळतो, त्या ठिकाणी वादकाला निर्णय घ्यावाच लागतो. ध्वनिमुद्रणांत जो फरक आपल्याला ऐकू येतो, तो या निर्णयांचा. म्हणून कोणते ध्वनिमुद्रण श्रेष्ठ, हे विचारण्यापूर्वी कोणी काय ठरविले, हे विचारावे.

पहिला निर्णय वाद्याचा. ही रचना पियानोसाठी लिहिलेलीच नाही. पट्ट्यांच्या दोन रांगा असलेल्या हार्प्सिकॉर्डसाठी ती आहे, असे मुखपृष्ठावरच छापलेले आहे. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जाते. पियानोत तारेवर हातोडी पडते. त्यामुळे पियानोवर बोटाच्या दाबाने स्वर लहानमोठा करता येतो. हार्प्सिकॉर्डवर तसा तो होत नाही. उलट हार्प्सिकॉर्डवर दोन हात दोन स्वतंत्र रांगांवर मोकळेपणाने फिरतात, तर पियानोवर अनेक रूपांत ते एकमेकांवर चढतात आणि वादकाला मोठी कसरत करावी लागते. पोलंडमध्ये जन्मलेल्या वांडा लांडोव्स्का यांनी १९३३ मध्ये पॅरिस येथे ही रचना हार्प्सिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केली. जर्मन सैन्य आल्यावर त्यांना फ्रान्स सोडावा लागला; पुढे १९४५ मध्ये अमेरिकेत त्यांनी ती पुन्हा ध्वनिमुद्रित केली. विसाव्या शतकातील श्रोत्यांना या रचनेची गोडी लागली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. तथापि त्यांचे हार्प्सिकॉर्डही बाखच्या काळचे नव्हे. ते प्लेएल या फ्रेंच कंपनीने बांधलेले, भारदस्त आवाजाचे आधुनिक वाद्य होते. जुन्या वाद्यांच्या धर्तीवर बांधलेल्या हार्प्सिकॉर्डचा हलका, स्वच्छ नाद ऐकावयाचा असेल, तर गुस्ताव लिओनहार्ट यांची नंतरच्या काळातील ध्वनिमुद्रणे पाहावीत.

दुसरा निर्णय पुनरावृत्तीचा. आरिया आणि प्रत्येक रूप यांचे दोन भाग आहेत, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवावा, अशी खूण बाखने केली आहे. सर्व खुणा पाळल्या, तर रचनेला सत्तर मिनिटांहून अधिक वेळ लागतो. एकही पाळली नाही, तर चाळीस मिनिटांच्या आत ती आटोपू शकते. खुणा गाळल्या तर रचना आटोपशीर आणि वेगवान वाटते. पाळल्या तर प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा कानावर येते, आणि वादक रसिक असेल तर दुसऱ्या वेळी चार अलंकार घालून तिला नवी झळाळी देतो. एवढे स्वातंत्र्य त्या काळच्या प्रथेनुसार त्याला आहेच. अमेरिकन वादक मरे पेराया यांनी २००० साली केलेल्या ध्वनिमुद्रणात सर्व पुनरावृत्त्या आहेत आणि ते सुमारे त्र्याहत्तर मिनिटे चालते. १९५७ मध्ये रोझलिन ट्यूरेक यांनीही पुनरावृत्त्या पाळल्या. पण त्यांची लय इतकी संथ की, रचनेला दीड तासाच्या आसपास वेळ लागला. दोघांनीही खुणा पाळल्या. दोघांच्या रचना मात्र दोन निराळ्या ठिकाणी जातात.

तिसरा निर्णय लयीचा, आणि या बाबतीत ग्लेन गूल्ड या कॅनेडियन वादकाचे उदाहरण टाळून पुढे जाताच येत नाही. जून १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात ही रचना पियानोवर वाजविली. सगळ्या पुनरावृत्त्या गाळल्या, द्रुत रूपे विजेसारखी वाजविली, आणि अवघ्या अडतीस मिनिटांत रचना संपविली. १९५६ च्या आरंभी ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि या तरुणाचे नाव सर्वत्र झाले. पुढे १९६४ मध्ये त्यांनी जाहीर मैफली कायमच्या सोडल्या. १९८१ मध्ये, त्याच ध्वनिमुद्रणगृहात, त्यांनी तीच रचना पुन्हा वाजविली. या वेळी काही पुनरावृत्त्या घेतल्या, आणि रचनेला एकावन्न मिनिटे लागली. हे ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९८२ मध्ये बाजारात आले. ४ ऑक्टोबर १९८२ रोजी गूल्ड यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते.

वय वाढले आणि लय मंदावली, एवढाच याचा अर्थ कोणी लावील, तर तो चुकेल. आकडेच पाहा. आरंभीची आरिया १९५५ मध्ये दोन मिनिटांच्या आत संपते; १९८१ मध्ये तिला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. दोन्ही वेळा पुनरावृत्ती नाही. म्हणजे स्वर तेच, तितकेच. परंतु पंचविसाव्या रूपाला, म्हणजे सर्वांत संथ भागाला, दुसऱ्या वेळी उलट थोडा कमी वेळ लागला. पहिल्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक रूप आपापल्या लयीत स्वतंत्रपणे धावते. दुसऱ्यात एका रूपाच्या लयीचे पुढच्याशी गणिती नाते जोडण्याचा प्रयत्न आहे, जणू सर्व रचनेतून एकच मात्रा वाहत आहे. आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणात हे सूत्र नव्हते, असे गूल्ड यांनी १९८२ मधील एका मुलाखतीत बोलून दाखविले होते. एकच वादक, तीच रचना, आणि सव्वीस वर्षांनी तो स्वतःच्याच निर्णयांवर फेरविचार करतो. ज्याने ती रचना आयुष्यभर उरी बाळगली, त्यालाही ‘हेच अंतिम’ असे म्हणता आले नाही. मग एखाद्या यादीत ‘सर्वोत्कृष्ट’ असा शिक्का पाहून आपण निश्चिंत का व्हावे?

चौथा निर्णय जागेचा. गूल्ड यांचा बंद खोलीतील ध्वनिमुद्रणावर पूर्ण विश्वास होता. एकच भाग अनेकदा वाजवावा आणि त्यांतील उत्तम तुकडे जोडून एकसंध कलाकृती तयार करावी, यात त्यांना काहीच गैर वाटत नसे. हंगेरीत जन्मलेले आंद्राश शिफ यांनी १९८२ मध्ये ही रचना प्रथम ध्वनिमुद्रित केली; पण त्यांचे पुढचे ध्वनिमुद्रण, २००१ मधील, स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात श्रोत्यांसमोर झालेल्या मैफलीचे आहे. तुकडे जोडून घडविलेल्या वादनात निर्दोष रेखीवपणा मिळतो. मैफलीत एका दमात सत्तर मिनिटे चाललेल्या प्रवासाची ऊब मिळते. आपल्या घरी मैफलींच्या ध्वनिफिती जपून ठेवणाऱ्यांना हा फरक अधिक सांगावयास नको.

हे चार निर्णय ध्यानी आले, म्हणजे निवडीचे काम निम्मे झाले. उरलेले निम्मे मात्र आपल्या कानांशी संबंधित आहे, आणि तेच अधिक कठीण.

कानाचा एक स्वभाव आहे: तो ज्या रूपात एखादी रचना प्रथम पुन्हा पुन्हा ऐकतो, त्या रूपालाच रचना समजू लागतो. ज्याने गूल्ड यांचे पहिले ध्वनिमुद्रण वीस वेळा ऐकले, त्याला पेराया रेंगाळतात असे वाटेल आणि ट्यूरेक तर असह्य होतील. ज्याने ट्यूरेक यांच्यापासून आरंभ केला, त्याला गूल्ड यांचा वेग उथळ वाटेल. दोघेही प्रामाणिकपणे समजतील की, आपण वादनाची पारख करीत आहोत. वस्तुतः ते फक्त ओळखीचे आणि अनोळखी यांतला फरक सांगत असतात. आईच्या हातच्या आमटीचा हा न्याय संगीतातही लागू पडतो. आणि त्यात वाईट काहीच नाही, जोपर्यंत आपण त्या ओळखीला निर्णय म्हणत नाही तोपर्यंत. या कारणासाठीच पहिल्या ध्वनिमुद्रणाची निवड महत्त्वाची ठरते. आपण केवळ एक तासाची करमणूक निवडीत नसतो. पुढे ऐकावयाच्या सर्व वादनांना लावावयाचे माप निवडीत असतो. घरात लहान मुले असतील, तर त्यांच्याही कानावर तेच माप बसणार, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून या स्तंभाचे मत स्पष्टपणे सांगतो. ज्यांनी ही रचना कधीच ऐकली नाही, त्यांनी पेराया यांच्या २००० सालच्या ध्वनिमुद्रणापासून आरंभ करावा. त्याची कारणे तीन. पुनरावृत्त्या पाळल्यामुळे प्रत्येक रूप दोनदा कानावर येते आणि नवख्या श्रोत्याला त्याची बांधणी उमगण्यास अवसर मिळतो. लय कोठेही टोकाला जात नाही. त्यामुळे पुढे वेगवान आणि संथ अशी दोन्ही वादने मोकळ्या मनाने ऐकता येतात. आणि खर्जातील ती दडलेली चाल त्यांच्या डाव्या हातात सुस्पष्ट राहते. मधल्या काळात हाताच्या दुखापतीमुळे पेराया यांना वादन थांबवावे लागले होते आणि त्या अवधीत त्यांनी बाखच्या रचनांचा सखोल अभ्यास केला. त्या अभ्यासाचे फळ या वादनात दिसते.

निदान महिनाभर दुसरे काही ऐकू नये. रोज संपूर्ण रचना ऐकण्याची आवश्यकता नाही. आरिया आणि पाच-सहा रूपे पुरेत. दर रविवारी मात्र एकदा अथपासून इतिपर्यंत ऐकावी. महिन्यानंतर मुद्दाम विरुद्ध निर्णयांचे वादन घ्यावे: प्रथम गूल्ड यांचे १९५५ चे, नंतर १९८१ चे, आणि त्यानंतर एखादे हार्प्सिकॉर्डवरचे. अलीकडची नावेही अवश्य घ्यावीत. आइसलंडचे व्हिकिंगुर ओलाफसन यांचे ध्वनिमुद्रण २०२३ मध्ये आले आणि ते पुष्कळांच्या पसंतीस उतरले आहे.

तुलना करताना काही साध्या गोष्टी सांभाळाव्यात. संपूर्ण रचनेची तुलना करू नये. तीन ठिकाणे निवडावीत. आरंभीची आरिया घ्यावी, कारण वादकाचा एकंदर स्वभाव तेथेच कळतो. सातवे रूप घ्यावे, कारण तेथे लयीविषयीचे मत उघडे पडते. पंचविसावे घ्यावे, कारण संथ लयीत सूत्र न तुटू देणे ही खरी कसोटी, हे विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना ठाऊकच आहे. ही तिन्ही ठिकाणे एकापाठोपाठ दोन वादकांची ऐकावीत. ऐकण्यापूर्वी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. जे किंचित मोठ्याने वाजते ते कानाला उगाचच अधिक चांगले वाटते आणि आपण फसतो. जुन्या ध्वनिमुद्रणांतील खरखरीने बिचकू नये. लांडोव्स्का यांच्या वादनाला तीन-चार मिनिटे दिली, की कान ती खरखर आपोआप बाजूला सारतो. गूल्ड वाजविता वाजविता गुणगुणतात आणि ते ध्वनिमुद्रणात ऐकू येते. यंत्र बिघडले असे समजू नये.

जमल्यास कुटुंबातील एकाने वादकाचे नाव न सांगता तुकडे लावावेत आणि इतरांनी ऐकून आपले मत कागदावर लिहावे. ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ एवढ्यावर न थांबता वादकाने काय केले ते लिहावे: वेग अधिक ठेवला, खर्ज दाबला, शेवट लांबविला, असे काहीही. अशा चार ओळी लिहिता आल्या, तर दहा परीक्षणे वाचण्याहून अधिक लाभ होतो. परीक्षणे वाचू नयेत असे नव्हे. ती आपण ऐकल्यानंतर वाचावीत, म्हणजे परीक्षकाचे कान आपल्या कानांच्या जागी येऊन बसत नाहीत.

सारांश, यादी कितीही लांब असो, एका वर्षात एका रचनेची चार ध्वनिमुद्रणे नीट ऐकून झाली तरी ती कमाई थोडी नाही. वर्षअखेरीस पुन्हा पेराया यांच्याकडे यावे आणि आरंभी लिहिलेला कागद शेजारी ठेवावा. कदाचित आपले मत तेच राहील, कदाचित सर्वस्वी बदलेल. दोन्ही परिस्थितींत ते मत आपले असेल, यादीने दिलेले नसेल. वाचकांपैकी कोणी असा प्रयोग करून पाहिल्यास आपली टिपणे संपादकांकडे अवश्य पाठवावीत.